लेकीला नक्की काय लावू? लेबलं वाचून घाबरलेल्या आईला उत्तर

पत्र : माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. दिवाळीनंतर तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत, गालांवर खरखरीत, लालसर चट्टे आले आहेत. रात्री फार खाजवते. आधी नेहमीचं बेबी लोशन लावत होते. एका अ‍ॅपवर त्याच्या लेबलचा फोटो टाकला तर फिनॉक्सिएथेनॉल आणि पॅराबेनसमोर लाल खूण आली, म्हणून फेकून दिलं. मग प्रदर्शनातून एक ‘केमिकल-फ्री’ बाम आणला, लॅव्हेंडर आणि लिंबाच्या तेलाचा. त्याने गाल आणखी लाल झाले. सासूबाई म्हणतात, डाळीचं पीठ आणि साय लाव, वर वेखंडाची पावडर, आमची मुलं त्यावरच वाढली. सर्दी झाली की त्या खोबरेल तेलात कापूर घालून तिच्या छातीला चोळतात. शेजारच्या ताईंनी एक ट्यूब दिली. दोन दिवसांत चट्टे गेले, आठवड्याभरात परत आले, म्हणून पुन्हा लावते आहे. आम्ही वाघोलीत राहतो, पाणी टँकरचं. सुरक्षित घटक कोणते आणि घातक कोणते, याची एक यादी द्याल का?
— एक आई, वाघोली

नमस्कार,

आधी काय करायचं ते सांगते, कारणं मागाहून. कापूर, बाम, पीठ, साय आणि वेखंड आजपासून तिच्या अंगाला लावू नका. ट्यूबही थांबवा, ती सलग काही आठवडे रोज लावली गेली असेल तर मात्र उद्याच डॉक्टरांना गाठा आणि पुढचं त्यांच्या सल्ल्याने करा. तुम्ही फेकून दिलेलं लोशन बहुधा या सगळ्यांत सर्वांत निरुपद्रवी होतं. ते फेकताना तुम्ही लेकीच्या काळजीपोटीच फेकलंत, त्यामुळे त्याबद्दल स्वतःला टोचून घेऊ नका. पण तुमच्या पत्रात भीती एकीकडे आहे आणि धोका दुसरीकडे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सुरुवात ट्यूबपासून. मी पुण्यात औषधाच्या दुकानात काउंटरमागे बरीच वर्षं काढली आहेत. ‘खाजेची ट्यूब द्या’ ही मागणी रोजची, आणि ती लहान मुलासाठी आहे हे कधीकधी पैसे देताना कळतं. दोन दिवसांत गायब होणारे आणि थांबवल्यावर परत येणारे चट्टे म्हणजे त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि खाज झटकन दाबणारं औषध, असण्याची दाट शक्यता. ट्यूब हातात घेऊन नाव वाचा : क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन. सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषधही मिसळलेलं असेल तर ती आपल्याकडे सर्रास विकली जाणारी ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब. लेबलच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइड्सना शेड्यूल एचच्या, म्हणजे फक्त चिठ्ठीवर विकायच्या औषधांच्या यादीच्या, कक्षेत आणलं ते याच गैरवापरामुळे.

लहान मुलाच्या बाबतीत हा प्रश्न मोठा का, तर वजनाच्या मानाने मुलांच्या शरीरावर त्वचा जास्त असते. तेवढंच क्रीम तुम्ही लावलं आणि तिला लावलं, तर तिच्या रक्तात प्रमाणाने जास्त उतरतं. चट्टे असलेली, खाजवून सोललेली त्वचा आणखी आत घेते, आणि डायपरखाली झाकलेली तर सर्वांत जास्त. तीव्र स्टिरॉइड आठवडेच्या आठवडे लावलं की त्वचा पातळ होते, रेषा उमटतात, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावतं, वाढीवर परिणाम होऊ शकतो. बुरशीचा संसर्ग असेल तर तो दबून आतल्या आत पसरतो.

पण इथे एक गोष्ट अगदी ठासून सांगते. उद्या डॉक्टरांनी तपासून एखादं सौम्य स्टिरॉइड लिहून दिलं, अमुक जागी, अमुक दिवस, तर ते बिनधास्त लावा. एक्झिमाचा, म्हणजे त्वचा कोरडी पडून खाजऱ्या चट्ट्यांनी फुटण्याच्या आजाराचा, भडका विझवायला त्याचा फार उपयोग होतो. भीतीपोटी निम्मं लावायचं किंवा मधेच सोडायचं, यानेही मुलं महिनोन् महिने खाजवत राहतात. शेजारच्या ताईंनी मायेनेच दिली असणार, पण कुणाच्या तरी चिठ्ठीवर आलेली ट्यूब तुमच्या लेकीसाठी नसते.

आता कापूर. याबद्दल आपल्या घरांत काळजी वाटतच नाही, आणि मला तीच काळजी आहे. कापूर त्वचेतून आणि नाकावाटे शरीरात जातो, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होऊन आकडी येऊ शकते. छातीला चोळायच्या बाजारी बामच्या डबीवरसुद्धा दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असं छापलेलं असतं. घरी तेलात किती कापूर विरघळला हे कुणी मोजत नाही, आणि या वयाची मुलं चोळलेला हात लगेच तोंडात घालतात. उशाशी ठेवायची ओवा-कापराची पुरचुंडीही याच कारणासाठी नको. आणि देव्हाऱ्यातली कापराची डबी आज वरच्या फळीवर जाऊ दे. वड्या पांढऱ्या, खडीसाखरेसारख्या दिसतात, मुलांना खाऊ वाटतात. एखादी वडी पोटात गेली असं वाटलं तर उलटी करवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. कापराची आकडी काही मिनिटांत येऊ शकते. सर्दीला नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, जवळ घेऊन बसवणं, भरपूर पातळ पदार्थ, एवढं पुष्कळ आहे.

तर फिनॉक्सिएथेनॉल. ज्या क्रीम-लोशनमध्ये पाणी असतं, त्यात जंतू आणि बुरशी वाढतात, आणि आपल्या पावसाळ्यात तर फार झटपट. ते रोखायला परिरक्षक लागतोच. फिनॉक्सिएथेनॉल हा त्यातला एक, आणि युरोपात त्याची मर्यादा 1 टक्का आहे. फ्रान्सच्या औषध नियामकाने 2012 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना डायपरच्या जागी ते नको अशी शिफारस केली होती. ती बातमी समाजमाध्यमांवर अजून फिरते. त्यानंतर युरोपियन आयोगाच्या वैज्ञानिक समितीने सगळी माहिती पुन्हा तपासली आणि 2016 मध्ये 1 टक्क्यापर्यंतचा वापर मुलांसह सर्वांना सुरक्षित असल्याचं सांगितलं. हा दुसरा भाग फिरत नाही.

पॅराबेन हे एका घटकाचं नाव नसून कुटुंबाचं आहे. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन युरोपात आजही चालतात. प्रोपाइल आणि ब्युटाइलबद्दल हार्मोन्सच्या अंगाने शंका आहेत, म्हणून डेन्मार्कने 2011 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनांत ते थांबवले, आणि युरोपियन संघाने 2014 च्या नियमाने याच वयाच्या मुलांना डायपरच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये त्यांना मनाई केली. या नियमात शहाणपण काय आहे बघा : कोणता घटक, किती, कुठे लावायचा आणि धुऊन टाकायचा की अंगावर राहू द्यायचा, हे सगळं त्यात मोजलं आहे. तुमचं अ‍ॅप यातलं काहीच मोजत नाही. त्याला नाव दिसतं आणि ते लाल खूण देतं. 0.2 टक्के असो की 20, खूण तीच.

मी स्वतः मुलांच्या उत्पादनांत टाळते तो परिरक्षक वेगळाच आहे : मिथाइलआयसोथायाझोलिनोन. लांबलचक नाव आहे, लेबलवर नीट शोधावं लागतं. याची अ‍ॅलर्जी इतक्या लोकांना व्हायला लागली की अमेरिकेच्या संपर्क-त्वचाविकार तज्ज्ञांच्या संस्थेने 2013 मध्ये त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ ठरवलं, आणि युरोपात 2017 पासून अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत तो बंद आहे. ओल्या वाइप्समध्ये तो असायचा, आणि तोंडाभोवती, मांड्यांच्या सांध्यात न जाणाऱ्या पुरळामागे पुष्कळदा वाइप्स निघायचे. घरात असताना पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपा, वाइप्स प्रवासापुरते ठेवा. फॉर्मल्डिहाइड हळूहळू सोडणारे डीएमडीएम हायडँटोइन, इमिडाझोलिडिनिल युरिया या परिरक्षकांनाही माझ्या मते चट्टे असलेल्या मुलाच्या अंगावर जागा नाही.

आणि सुगंध. एक्झिमा असलेल्या मुलासाठी लेबलवर एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ही पाहा. फ्रॅग्रन्स, पर्फ्यूम किंवा पार्फम या एका शब्दाखाली डझनावारी रसायनं असू शकतात, आणि त्वचेच्या अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या कारणांत ती वर असतात. तुमच्या बाममध्ये हेच घडलं असावं. लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल असतं, लिंबाच्या तेलात लिमोनीन. हवा लागून ती बदलली की त्यांची अ‍ॅलर्जी व्हायची शक्यता वाढते. झाडातून काढलेलं तेल त्वचेला कारखान्यातल्या सुगंधाइतकंच टोचू शकतं. ‘केमिकल-फ्री’ला तर अर्थच नाही, पाणीसुद्धा रसायन आहे. डबीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता आणि घटकांची पूर्ण यादी आहे का, ते बघा. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार हे सगळं लागतं. प्रदर्शनातल्या कित्येक डब्यांवर नुसतं नाव, पानाफुलांचं चित्र आणि मोबाइल नंबर असतो. विकणारी बाई मनापासून करत असेल, तिच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण वीस महिन्यांच्या मुलासाठी ते पुरेसं नाही.

लेबल वाचण्याची एक युक्ती सांगते, ती दुकानात फार कामी येते. 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने. फिनॉक्सिएथेनॉल सहसा 1 टक्का किंवा त्याहून कमी असतं. मग यादीत त्याच्यानंतर जे काही येतं ते बहुतेक चिमूटभरच असतं. बाटलीच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत बदाम, केशर, कोरफड, आणि मागे बघावं तर तिन्ही फिनॉक्सिएथेनॉलनंतर. त्या चिमटीसाठी तिप्पट किंमत मोजायची गरज नाही.

आता सासूबाईंची बाजू. त्यांची मुलं पीठ-सायीवर वाढली हे खरंच असणार. धडधाकट त्वचेवर, दिवाळीत उटणं लावतो तसं कधीतरी लावलं तर बहुतेकांना काही होत नाही. तुमच्या लेकीची त्वचा मात्र सध्या फुटलेली आहे, आणि फुटलेल्या त्वचेतून अन्नाची प्रथिनं आत गेली की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं. जपानमध्ये गव्हाच्या प्रथिनाचा अर्क घातलेला एक चेहऱ्याचा साबण होता. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना नंतर गहू खाल्ल्यावर अ‍ॅलर्जीचा त्रास होऊ लागला. ही मोठी माणसं होती, आयुष्यभर गहू खाल्लेली. ब्रिटनमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीम बाळपणी लावण्याचा आणि शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा संबंध दिसला. म्हणून डाळ, दूध, साय, बदाम, तीळ तिच्या पोटात जाऊ दे, चट्ट्यांवर नको. शिवाय पीठ घासलं की खरखरीत त्वचा आणखी सोलली जाते.

वेखंड असो, टाल्कम असो, पावडर कोणतीच नको. उडालेली भुकटी श्वासातून फुप्फुसांत जाते, ओली झाली की घड्यांत गोळा होऊन घासते. टाल्कला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2024 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आहे, आणि पावडरीशिवाय मुलाचं काहीच अडत नाही. वेखंड तर उगाळून चाटवूही नका. त्यातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेत 1968 पासून तो खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे.

सासूबाईंना मात्र ‘तुमचं चुकतंय’ एवढं सांगून बाजूला बसवू नका. त्यांच्या हातात जे आहे ते तुमच्या लेकीला हवंच आहे. रोज अंघोळीनंतर अंगभर हलक्या हाताने तेल किंवा क्रीम लावायचं काम त्यांनाच द्या. तुमच्यापेक्षा त्यांना जास्त सवड असेल, आणि मुलं आजीच्या मांडीवर शांत बसतात. कापूर न घातलेलं साधं खोबरेल चालेल; फिलिपिन्समध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हर्जिन खोबरेल तेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं होतं. बारशाला भेट आलेलं महागडं ऑलिव्ह तेल स्वयंपाकाला वापरा. त्यातल्या ओलेइक आम्लामुळे त्वचेचं संरक्षक आवरण कमकुवत होऊ शकतं. राईच्या तेलाचंही तेच, ते तर झोंबतंही.

मग क्रीम कोणतं? बिनवासाचं, छोट्या यादीचं आणि तुम्हाला भरपूर वापरायला परवडेल असं. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम मॉइश्चरायझर लागू शकतं. परदेशातून आलेली पन्नास ग्रॅमची डबी जपून, करंगळीच्या टोकाने लावली तर ती कितीही भारी असो, उपयोग नाही. साधी पांढरी पेट्रोलियम जेली, ज्यात सुगंध नाही, ती उत्तम आहे. ‘पेट्रोलियम’ ऐकून दचकू नका. शुद्ध केलेली जेली त्वचेवर थर धरून बसते, आत जात नाही, तिची अ‍ॅलर्जी क्वचितच होते. आत्ता थंडीत ती वापरा. मार्च-एप्रिलमध्ये घामोळं यायला लागलं की हलक्या लोशनकडे वळा. नवीन काहीही आणलंत तर आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, पाच-सात दिवस लावून पाहा. मोठ्यांची पिंपल्सची किंवा फुटलेल्या टाचांची क्रीम तिला लावू नका, कारण त्यातलं सॅलिसिलिक आम्ल लहान मुलांसाठी नसतं.

तुमच्या स्वतःच्या चेहऱ्यावर रंग उजळण्याची एखादी बिनलेबलाची क्रीम असेल, तर तीही बंद करा. पाऱ्याची मर्यादा आपल्या नियमांत दशलक्षात 1 भाग आहे, आणि बेकायदा क्रीममध्ये तो त्याच्या हजारो पट सापडलेला आहे. पारा मूत्रपिंडावर घाव घालतो, आणि मूल दिवसभर तुमच्या गालाला गाल लावत असतं.

टँकरच्या पाण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण ते महत्त्वाचं आहे. खडकवासल्याच्या नळाच्या पाण्याच्या मानाने आपल्या उपनगरांतलं बोअरचं आणि टँकरचं पाणी बरंच जड असतं. नळाच्या तोटीवर पांढरे क्षार चढत असतील तर तुमचंही जड आहे. अशा पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा थर अंगावर राहतो आणि त्वचा कोरडी पडते. त्यावर पाण्याचा जडपणा काढणारं हजारो रुपयांचं सॉफ्टनर बसवू नका. ब्रिटनमध्ये एक्झिमाच्या 336 मुलांवर नेमकी हीच चाचणी झाली, 2011 मध्ये निष्कर्ष आले, आणि सॉफ्टनरमुळे काही जास्तीचा फायदा दिसला नाही. साबणच कमी करा. साधा साबण अल्कधर्मी, पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप) 9-10 च्या घरातला. त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास. सौम्य, बिनवासाचा साबणविरहित क्लीन्झर घ्या, तोही मान, काखा, जांघा आणि पायांपुरता. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, घासणी नको. अंग टिपून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावा. कपडे धुताना पावडर कमी, खळबळणं एकदा जास्त, आणि सुगंधी कंडिशनर तिच्या कपड्यांना नको.

हे सगळं करूनही तिला डॉक्टरांना दाखवाच. तुम्ही वर्णन केलेल्या जागा आणि रात्रीची खाज एक्झिमाकडे बोट दाखवतात, पण पत्रावरून निदान होत नाही, आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर खरूजही पाहावी लागेल. बालरोगतज्ज्ञ चालतील, त्वचारोगतज्ज्ञ अधिक चांगले. ससूनच्या त्वचारोग विभागातही दाखवता येईल. चट्ट्यांतून पाणी येऊ लागलं, पिवळी खपली धरली, ताप आला किंवा अचानक दुखरे फोड आले तर त्याच दिवशी जा, वाट पाहू नका.

जाताना आजवर तिच्या अंगाला लागलेलं सगळं एका पिशवीत घालून न्या : बाम, तेल, साबण आणि ट्यूब. ट्यूब परत दिली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागून घ्या. ती किती दिवस, दिवसातून किती वेळा आणि कुठे लावलीत ते आधीच कागदावर लिहा, म्हणजे तिथे गडबड होणार नाही. डॉक्टर ओरडतील या भीतीने काही लपवू नका. ट्यूबचं कळलं नाही तर त्यांना चट्ट्यांचं खरं रूप ओळखता येत नाही. आणि बाहेर पडण्यापूर्वी नवीन औषधाबद्दल विचारून घ्या : बोटाच्या पेरावर किती घ्यायचं, कुठे लावायचं, किती दिवस, आणि क्रीमच्या आधी की नंतर.